‘थांबा’ लिहिलेला ट्रे

३ मार्च, सोमवार

आधी एक दुरुस्ती. मागच्या आठवड्यात मी इथे लिहिलं होतं की दादा सात महिन्यांचा असताना एका दिवसात न्यूमोनियाने गेला. ते चूक आहे. वाक्य पुसलेलं नाही, त्यावर बारीक रेघ मारली आहे, खालचं वाचता येईल अशी. बाबांनी तसंच शिकवलं आहे. चूक पुसायची नाही, म्हणजे आपण आधी काय समजत होतो तेही शिल्लक राहतं. लॅबमध्ये नोकरीला लागले तेव्हा तिथेही हाच नियम निघाला आणि मला घरीच असल्यासारखं वाटलं.

खरं असं आहे. दादा तिसऱ्या महिन्यापासून आजारी होता. तोंड सारखं यायचं, जुलाब थांबायचे नाहीत, वजन वाढायचं थांबलं, खोकला लागला तो गेलाच नाही. काल बाबा स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करता करता बोलून गेले, हातात पाना, पाठ माझ्याकडे.

“मग न्यूमोनिया?” मी विचारलं.

“तो शेवटी. शेवटीच.”

बाहेरून आई म्हणाली, “नळ झाला का? की गप्पाच?” आणि विषय संपला.

दादा ताईच्याही आधीचा. मी तर त्यानंतर सात वर्षांनी आले. त्याचा एक फोटो आहे, त्यात तो टोपीतच जास्त आहे.

हे नीट करून ठेवणं भाग आहे, कारण ताईचं बाळ आमच्या लॅबच्या नवजात बाळांच्या पाहणीत घेताना ‘घरात तान्हं मूल गेलंय का?’ या प्रश्नाला मी ‘एक, न्यूमोनियाने’ असं उत्तर दिलं होतं. उद्या बाईंना सांगायला हवं. त्याने फरक काहीच पडत नाही. त्या काळी अशी मुलं जायची. मी दिवसभर एकाच आजाराकडे बघते, म्हणून तो मला सगळीकडे दिसतो. कावीळ झालेल्याला जग पिवळं, तसं.

४ मार्च, मंगळवार

बाईंना सांगितलं. बाई म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुख. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतात. एकदा त्यांच्या नवऱ्यानेही फोनवर “बाई आहेत का?” असंच विचारलं होतं.

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “आणि आईच्या माहेरी?”

“माहेरी काय?”

“आईचे भाऊ.”

“आईला भाऊ नाहीत. एक मावशी आहे, ती परगावी असते.”

“नाहीत की नव्हते?”

मी म्हटलं, नाहीत. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पाहणी पुढे चालू ठेवायची की नाही हे ठरवणारी समिती पुढच्या महिन्यात बसणार आहे, त्यामुळे बाईंचा फोन हल्ली भुंगा झाला आहे. फोनवर हात ठेवून म्हणाल्या, “विचारून ठेव.”

विचारेन. पण आईला तिच्या माहेराबद्दल विचारणं आमच्या घरात कुणी करत नाही. का करत नाही, ते मला माहीत नाही. जिन्याची तिसरी पायरी हलते म्हणून सगळे ती टाळतात, तसं ते टाळलं जातं.

७ मार्च, शुक्रवार

लॅबमधून थेट ताईकडे. तिचं घर दोन गल्ल्या सोडून, तिसऱ्या मजल्यावर. दार उघडायच्या आत आईचा आवाज आला, “हात!”

आई सकाळीच तिथे जाते आणि दाराशेजारच्या बेसिनवर पहारा देते. स्वतःचे हात धुऊन धुऊन तिच्या बोटांना चिरा पडल्या आहेत.

“या तपासनीस,” भाऊजी म्हणाले. मला ते याच नावाने हाक मारतात. “या घरात ओळखपत्र नसलं तरी चालतं, साबण लागतो. काल गॅसवाल्याला कोपरापर्यंत धुतलाय.”

“हसा तुम्ही,” आई म्हणाली.

साहेब झोपले होते. हे नावही भाऊजींनीच ठेवलेलं. दिवसभर झोपतात, जागे झाले की ओरडतात आणि मग सगळे पळतात, म्हणून साहेब. अठरा फेब्रुवारीला आले, सहा आठवडे लवकर. अजून हाताचा पंजा माझ्या अंगठ्याएवढा आहे.

ताई म्हणाली, “तू त्याच्या टाचेला सुई टोचायला लावलीस. मी अर्धी झोपेत हो म्हटलं. आता सांग तरी कशासाठी.”

मी सांगितलं. टाचेतलं रक्त जाड कागदाच्या कार्डावर टिपायचं, वाळवायचं. त्यातून एक टिकली ठोकून काढायची. छातीत, हृदयाच्या वर, थायमस नावाची एक ग्रंथी असते. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी तिथे तयार होतात. तयार होताना प्रत्येक पेशी आपल्या डीएनएतून एक छोटा तुकडा काढून टाकते, त्याचं कडं बनतं. रक्तात अशी कडी भरपूर दिसली म्हणजे पेशी तयार होताहेत. आम्ही कडी मोजतो.

“म्हणजे दिवसभर बांगड्या मोजतेस.”

“कडी.”

“तेच ते. आणि नसली तर?”

“तर बाळाकडे फौजच नाही. साधी सर्दीही झेपत नाही. वाईट हे, की सुरुवातीला ते अगदी ठणठणीत दिसतं. आधी सापडलं, काही लागण व्हायच्या आत, तर दुसऱ्याची अस्थिमज्जा देता येते आणि बहुतेक मुलं वाचतात. उशीर झाला तर अवघड. आणि अशा बाळाला जिवंत जंतूंची लस अजिबात द्यायची नाही. बाकीच्या मुलांना जी लस राखते तीच यांना खाते.”

“किती जणांना असतं असं?”

“पन्नास-साठ हजारांत एखाद्याला.”

“हात्तिच्या,” ताई म्हणाली आणि साहेबांची पावलं चोळायला लागली.

आई बेसिनपाशीच होती. हात धुऊन झाले होते, तरी नळ चालू होता. मी जाऊन बंद केला. ती फार दमते आहे.

८ मार्च, शनिवार

कालचं वाचताना आठवलं ते लिहून ठेवते. ताईची सुटका झाली त्या दिवशी भाऊजींचा फोन मी घेतला आणि ओरडले, “आई, मुलगा!” आई खुर्चीत बसली. “नक्की?” म्हणाली. मी म्हटलं, यात नक्की काय असायचं? तर म्हणाली, “आमच्याकडे मुली बऱ्या असतात.” मग उठून देवळात जावं तशी बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ आली नाही. आनंदाने रडणारी माणसं मी पाहिली आहेत, पण इतकं लपून कुणी रडत नाही.

माहेरचं अजून विचारलेलं नाही.

१० मार्च, सोमवार

मोजायचं मशीन दुरुस्त होऊन आलं. आठ दिवस कार्डं साचली होती, आज सगळी एकदम. टिकल्या ठोकायचं काम माझ्या सहकाऱ्याचं. त्याला आम्ही ठोक्या म्हणतो. तो स्वतःही फोनवर “ठोक्या बोलतोय” असं सांगतो.

साहेबांचं कार्डही याच खेपेत होतं. मी ते हातात घेतलं नाही. नात्यातल्या बाळाचं कार्ड मी हाताळायचं नाही आणि आकडाही बघायचा नाही, हे मी पहिल्या दिवसापासून ठरवलं आहे. आपल्या माणसाचा आकडा बघताना डोळा नकळत झुकतो. ठोक्याला म्हटलं, “तू ठोक, तू मोज, तूच नियमाप्रमाणे जिथे ठेवायचं तिथे ठेव.”

दुपारी तो माझ्या टेबलापाशी आला. “तुझ्या भाच्याचं कार्ड ‘थांबा’मध्ये गेलं.”

“लवकरचं बाळ आहे. जायचंच.”

“हो, पण त्याचा साक्षीदार अगदी ठणठणीत...”

“मला सांगू नकोस. आपलं काय ठरलंय?”

“बरं बाई,” म्हणाला, आणि थोडा वेळ तसाच उभा राहिला. “तुला खरंच बघायचं नाही?”

“नाही.”

साक्षीदार म्हणजे कड्यांसोबत आम्ही मोजतो तो दुसरा एक जनुक. तो नीट दिसला तर कागदावर रक्त पुरेसं होतं, काम बरोबर झालं असं समजायचं. चांगलं झालं. निदान टाच पुन्हा टोचावी लागणार नाही.

‘थांबा’ लिहिलेला ट्रे माझ्यामुळे आहे. गेल्या वर्षी एका लवकर जन्मलेल्या बाळाची कडी कमी आली. मी त्याच संध्याकाळी त्याच्या आईला फोन केला. ती इतकी घाबरली की तिने बाळाला आजीलाही हात लावू दिला नाही. तिला झोप येईना, दूध आटलं. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजलं, आकडा उत्तम. बाळ धडधाकट होतं, थायमस फक्त उशिरा जागी झाली होती. लवकर आलेल्यांचं तसं होतं. त्या बाईने मला एकच विचारलं, “मग तुम्ही मला का घाबरवलंत?” तेव्हा मी नियम लिहिला. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचा आकडा ठरलेल्या रेषेच्या खाली आला तर कळवायचं नाही. बाळंतपणाची मूळ तारीख येईपर्यंत थांबायचं आणि त्या दिवशी नवं रक्त घ्यायचं. बाईंनी वाचून सही केली. तेव्हापासून एकही खोटा फोन गेलेला नाही. लॅबमध्ये मी केलेलं एवढं एकच काम मला चांगलं वाटतं.

१४ मार्च, शुक्रवार

साहेबांची मूळ तारीख एक एप्रिल. आज ताईच्या दवाखान्याच्या कागदावर पाहिलं तर सहा आठवड्यांची लसही एक एप्रिललाच (जन्मावेळचीही वजन कमी म्हणून तेव्हाच द्यायची ठेवली आहे). म्हणजे टाचेचं रक्त आणि तोंडातले थेंब एकाच खेपेत उरकतील. ताईला दोनदा तीन जिने उतरावे लागणार नाहीत. अशा लहान सोयींनीही हल्ली बरं वाटतं. ताईला फोन करून सांगितलं. ती झोपेतच “बरं” म्हणाली आणि फोन न ठेवताच घोरायला लागली.

१६ मार्च, रविवार

आज सगळे ताईकडे जेवायला. साहेबांच्या जिभेवर पांढरा थर आहे. ताई म्हणते दूध आहे. आईने ओल्या फडक्याने पुसून पाहिलं, निघेना. तिने पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा पुसायला लागली तेव्हा ताईने तिचा हात धरला. “आई, सोल त्याची जीभ!”

तोंड तान्ह्या बाळांना येतंच. बऱ्याच जणांना येतं. मी तसं सांगितलं. आईने माझ्याकडे पाहिलं, आणि मला लहानपणी पाढा चुकल्यावर वाटायचं तसं वाटलं. उत्तर तर बरोबर होतं.

भाऊजींनी विषय बदलला. त्यांच्या ऑफिसातली आठ-दहा माणसं पुढच्या रविवारी दुपारी चारला बाळ बघायला येणार आहेत. “सासूबाई, आठ जणांना पुरेल एवढा साबण आहे ना? की टँकर मागवू?”

आई हसली नाही. “नका बोलावू इतकी माणसं.”

“अहो, त्याला जगात राहायचंय, काचेच्या कपाटात नाही.”

परत येताना मी बाबांना म्हटलं, आई फार करते. आम्हालाही दहा वर्षांपर्यंत घरी शिकवलंत, ते तुमचं शाळेबद्दलचं मत होतं म्हणून ठीक. पण हिचा सगळा भर धुण्यावरच.

बाबा नकाशे काढायचे, घरी बसूनच. त्यांच्या उतरत्या टेबलाच्या एका बाजूला मी आणि ताई शिकलो. पेन्सिल घरंगळू नये म्हणून आम्ही तिला कणकेची गोळी लावायचो. आई दर संध्याकाळी पेन्सिली स्पिरिटने पुसायची.

बाबा चालता चालता थांबले. “माझं मत? छोटे, मला शाळा फार आवडायची. मी तर मॉनिटर होतो.”

“मग?”

“मग काही नाही. शाळेत मुलं खोकतात.”

पुढे ते रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोलत राहिले.

१९ मार्च, बुधवार

काही लिहिण्यासारखं नाही. तीन खेपा चालवल्या. डोळे मिटले तरी टिकल्यांच्या ताटलीतले खळगे दिसतात.

माहेरचं विचारलं नाही, हे बाईंनी आठवण करून दिली नसती तरी मला आठवत होतं.

२० मार्च, गुरुवार

मी विचारायच्या आधी आईच बोलली.

संध्याकाळी घरी आले तर ती पालेभाजी निवडत होती, चिरलेल्या बोटांना कापडाच्या पट्ट्या बांधून. मी समोर बसून देठ तोडायला लागले. ती वर न बघता म्हणाली, “तुमच्या कागदावर त्याचं काय आलं?”

“आई, तो लवकर जन्मलाय. अशांचं थांबून बघतात. एक तारखेला पुन्हा रक्त घेणार आहोत.”

“काय आलं ते विचारतेय मी.”

“मी पाहिलं नाही. नात्यातलं बघायचं नसतं.”

“कुणी सांगितलं?”

“मीच ठरवलंय.”

आईने भाजी बाजूला केली. “मला दोन भाऊ होते,” म्हणाली. “एक माझ्या आधीचा. तो मी पाहिला नाही. एक माझ्यानंतरचा, तो मी मांडीवर खेळवलाय. पाच महिन्यांचा झाला होता. त्याची जीभ अशीच होती. मग तुमचा दादा. तेव्हा डॉक्टर म्हणाले, हे आईकडून येतं, मुलांनाच होतं. असं म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.”

माझ्या हातात देठ होता, तो मी आणखी तोडला, मग आणखी.

“तुझ्या बाबांनाही मी सगळं सांगितलेलं नाही. ताई झाली, मुलगी होती. तू झालीस, मुलगी होतीस. वाटलं, सुटलो.”

“आई, मी दोन वर्षं याच आजाराची...”

“माहितीय. तू घरी येऊन सांगायचीस ना, कडी नि फौज. मी ऐकत होते.” तिने पुन्हा भाजी पुढे ओढली. “ताईला सांगू नकोस. तिला आता कुठे दूध यायला लागलंय. ती ओझ्याने मोडेल. मी मोडले होते.”

मला दोन मामा होते, हे मला सव्विसाव्या वर्षी कळलं. दोघांनाही नाव होतं की नाही ते विचारायचं राहिलं.

२१ मार्च, शुक्रवार

लॅब उघडायच्या आधी दारात उभी होते. ठोक्या आला, माझ्याकडे बघून त्याने कुलूप काढलं.

“साहेबांचा आकडा सांग.”

“बघशील की सांगू?”

“सांग.”

“शून्य. साक्षीदार पूर्ण, कडी शून्य. एक, दोन, असंही नाही. तुला त्या दिवशीच सांगत होतो.”

“मग बाईंना का नाही सांगितलंस?”

“नियमात ‘रेषेच्या खाली’ असं लिहिलंय. शून्यही खालीच आहे. आणि तू म्हणालीस, नियमाप्रमाणे ठेव.” मग जरा मऊ आवाजात म्हणाला, “मला वाटलं, तुला कळलंय आणि तू दाखवत नाहीयेस. तू तशीच आहेस ना.”

लवकर जन्मलेल्या बाळाची कडी कमी असतात. कमी. नसतात असं नाही. गेल्या वर्षीच्या त्या बाळाचीही होती, थोडी, पण होती. नियम लिहिताना मी त्या एका आईचा चेहरा समोर ठेवला आणि ‘कमी’ आणि ‘काहीच नाही’ यांना एकाच ट्रेमध्ये घातलं. इतक्या काळजीने घातलं, की कुणाला शंका आली नाही. आणि एक एप्रिलला मीच त्याला उचलून लसीला नेणार होते. सोय म्हणून.

बाई दहाला आल्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. दादा, दोन मामा, जीभ, शून्य. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, “सही माझी आहे.” मग ट्रेमधलं प्रत्येक कार्ड स्वतः बघायला घेतलं. दुसरं शून्य नव्हतं. ‘थांबा’ची चिठ्ठी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. “आता यावर शून्यासाठी थांबायचं नाही असं लिही. त्याच दिवशी फोन. लवकरचं असो, वेळेवरचं असो.”

मी जुना नियम पुसला नाही. रेघ मारली.

साहेबांच्या कार्डावर रक्ताचे दोन डाग शिल्लक होते. ठोक्याने दोन्हींतून टिकल्या काढल्या. या वेळी मी शेजारी उभी होते आणि बघत होते.

२२ मार्च, शनिवार

दोन्ही टिकल्या शून्य.

बाईंनी मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना फोन केला. सोमवारी सकाळी ते साहेबांचं ताजं रक्त घेऊन पेशी मोजतील. तोपर्यंत कुणी खोकणारं जवळ नको, गर्दी नको, आणि लस तर नकोच नको. आजपर्यंत साहेबांना मोठी लागण झालेली नाही, जिभेवरचा थर औषधाने जाईल. बाई म्हणाल्या, “वेळ आहे. फार नाही, पण आहे. तुझ्या दादाला नव्हता.”

मी निघताना त्यांनी विचारलं, “तुम्ही दोघीच बहिणी ना?” मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि काढला. सोमवारी ताईबरोबर मीही थांबावं, डॉक्टरांना माझ्याशीही बोलायचं आहे, असं म्हणाल्या. लॅबची माणूस म्हणून असेल. की आईची मुलगी म्हणून. आज एवढ्यावरच थांबते, त्याचा विचार करायला अंगात काही उरलेलं नाही.

घरी आले तर आई माझी वाटच बघत होती. माझा चेहरा बघून तिने विचारलंच नाही.

मी म्हटलं, “ताईला सांगावं लागेल.”

“मी तुला काय सांगितलं होतं?”

“न सांगता तिला सोमवारी कुठे नेऊ? आणि उद्या चारला ती आठ-दहा माणसं येणार आहेत. एकेक जण साहेबांना उचलणार, तोंडाजवळ तोंड नेणार.”

“मी दारात उभी राहीन. एकालाही आत सोडणार नाही.”

“आणि परवा? आणि एक तारखेला? आई, तू किती दारांत उभी राहशील?”

बाबा त्यांच्या टेबलाशी होते, बंद दिव्याखाली, काही न काढता. त्यांना तिने दुपारी सगळं सांगितलं होतं, हे मला त्यांच्या पाठीवरूनच कळलं. ते म्हणाले, “अगं, त्या वेळी सांगितलं असतंस तर...” आणि थांबले. मग म्हणाले, “तर मी काय केलं असतं? मीही पेन्सिलीच पुसल्या असत्या.”

आईने डोळे पुसले. चिरांमध्ये पाणी गेलं असणार, तिने बोटं झटकली. “ताई मला काय म्हणेल?”

“ती ओरडेल,” मी म्हटलं. “मग विचारेल, पुढे काय करायचं. या वेळी पुढे काहीतरी आहे, आई.”

मग ती म्हणाली, “दादाचं आणि भावांचं मी सांगते. ते तुझं नाही. शून्याचं तू सांग.”

भाऊजींना फोन केला. पाहुण्यांना नको म्हणून कळवा, एवढंच सांगितलं. ते म्हणाले, “काय तपासनीस, साबण संपला वाटतं?” मी हसायचा प्रयत्न केला. मग ते अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, “बरं. कळवतो.” काही विचारलं नाही.

सकाळी साहेबांची आंघोळ झाली की ते झोपतात आणि ताई खिडकीपाशी चहा घेऊन बसते. दिवसातली तिची तेवढीच शांत वेळ, आणि तीच आम्ही घेणार. आईने दोघींच्या चपला दाराशी आत्ताच काढून ठेवल्या आहेत.

उद्याची तारीख आत्ताच लिहून ठेवते: रविवार, २३ मार्च.